बारा-दहाचं ऊन

मास्तरांना ऊन कमी पडतंय असं डॉक्टरबाईंनी सांगितलं, तेव्हा मास्तर खुर्चीतून पडायचेच काय ते बाकी राहिले.

"ऊन? मला?" ते म्हणाले. "अहो, बत्तीस वर्षं मी उन्हात बसून कोट शिवतोय. दुकानाला समोरून ही एवढी काच आहे. सकाळी साडेआठला ऊन टेबलावर येतं, ते दुपारी तीनला उतरतं. ऊन कमी पडायला मी काय खाणीत कामाला आहे?"

डॉक्टरबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्याच होत्या. त्यांनी रिपोर्टचा कागद फिरवून मास्तरांसमोर धरला आणि एका आकड्याखाली पेनानं रेघ ओढली. "व्हिटॅमिन डी. वीसच्या वर हवं. तुमचं नऊ आहे."

"मशीन बिघडलं असेल."

"बाबा," शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की तुम्ही टेप बिघडली म्हणता का?"

डॉक्टरबाई खाली बघून हसल्या.

या मुलीचं कागदोपत्री नाव वेगळं होतं. पण लहानपणी दुकानात रांगताना ती जमिनीवरच्या टाचण्या वेचायची, आणि मोठी झाल्यावर तिचं बोलणंही तसंच टोचायला लागलं. तेव्हापासून घरीदारी ती टाचणीच. ती शहराची बस चालवायची. चाळीस माणसं पाठीशी घेऊन रस्ता कापणारी बाई एका शिंप्याला काय घाबरणार?

खरं तर ती दोघं उन्हासाठी आलीच नव्हती, हातांसाठी आली होती. गेले तीन महिने सकाळी उठल्यावर मास्तरांची बोटं वळायची नाहीत. चहाचा कप दोन तळव्यांत धरून प्यायचा. स्वतःच शिवलेल्या शर्टाची बटणं लावायला अर्धा तास लागायचा. बोटांची मुळं आणि मनगटं सुजून गरम व्हायची, तीही दोन्ही हातांची. मास्तरांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. एका रविवारी टाचणी न कळवता आली आणि तिनं पाहिलं की बाबा दाराची किल्ली दोन हातांनी फिरवतायत. दुसऱ्याच दिवशी तिनं डॉक्टरबाईंकडे नंबर लावला.

"हा वयानं झिजण्याचा प्रकार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. संधिवातच, पण जरा वेगळा. तुम्ही कोट शिवता ना? तसं सांध्यालाही आतून अस्तर असतं. शरीराचे जे पहारेकरी बाहेरच्या रोगांशी भांडायचे, ते चुकून या अस्तरावरच तुटून पडतात. अस्तर सुजतं, जाड होतं. तसंच राहू दिलं तर हाडसुद्धा खराब होतं."

अस्तर म्हटल्यावर मास्तर नीट ऐकायला लागले. "अस्तर जाड झालं की बाही चढत नाही," ते म्हणाले.

"अगदी तेच."

"मग हे ऊन कमी पडल्यामुळे झालं?"

"तसं म्हणता येणार नाही. हा आजार असलेल्या बऱ्याच जणांत डी कमी सापडतं, एवढं खरं. पण डी भरून काढलं म्हणून आजार जातो असं नाही. डी तुमच्या हाडांसाठी हवं. दोन कप्पे वेगळे ठेवायचे."

मग त्यांनी औषधं लिहिली. संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदा, सोमवारी. तिचा त्रास होऊ नये म्हणून मंगळवारी दुसरी एक. आणि डीची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, रविवारी, आठ आठवडे. दर महिन्याला रक्त तपासायचं. "आणि मास्तर, यातलं काहीही रोज घ्यायचं नाही. लवकर बरं व्हायचं म्हणून जास्त घेतलंत तर मलाच तुम्हाला शोधत यावं लागेल."

टाचणीनं पर्समधून पेन काढलं. "आणि खायला?"

"डी फार थोड्या पदार्थांत असतं. तेलकट मासे, म्हणजे बांगडा, तारली. डी घातलेलं दूध, पिशवीवर तसं लिहिलेलं असतं. उन्हात ठेवलेली मशरूम. अंड्यातलं पिवळं, त्यात थोडंच, पण असतं. नुसत्या खाण्यानं नऊचे तीस होत नाहीत म्हणून कॅप्सूल. पण खायचं."

अंड्यातलं पिवळं म्हटल्यावर मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. टाचणीच्या ते लक्षात आलं, पण ती लिहीत राहिली.

बाहेर आल्यावर तिनं मुद्द्याला हात घातला. दुकानाचा भाडेकरार चार महिन्यांनी संपत होता. मालकाला पुढच्या तीन वर्षांची सही हवी होती.

"सही करू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे राहायला या. खोली रिकामी आहे. जावई तुमचे रोज विचारतात."

"जावई पत्ते खेळायला माणूस हवं म्हणून विचारतात."

"मग खेळा पत्ते."

"आणि कोट कोण शिवणार?"

"बाबा, तुम्हाला बटण लावता येत नाही, कोट काय शिवता?"

दुकानात काचेमागे दोन स्टुलं होती. एक त्यांचं. दुसऱ्यावर त्यांची बायको बसायची, आणि मास्तरांनी शिवलेल्या प्रत्येक कोटाची काजं ती हातानं करायची. बटण जातं त्या भोकाच्या कडेनं एकाला एक चिकटून टाके घ्यायचे, एका काजाला चाळीस-पन्नास टाके. ती जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून काजं मास्तरच करत. मशीनवर काज दोन मिनिटांत होतं हे त्यांना माहीत होतं, पण मशीनचं काज त्यांनी दुकानात येऊ दिलं नव्हतं. घरी त्यांना करमायचं नाही. दुकानात करमायचं. टाचणीच्या घरी रिकामी खोली होती, पण ते दुसरं स्टूल तिथं नव्हतं. हे मुलीला सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते, म्हणून ते म्हणाले, "बघू."

"बघू नाही," टाचणी म्हणाली. "चार महिने देते. डॉक्टरबाई सांगतील तसं सगळं करायचं. सहीच्या दिवशी सकाळी नऊला माझ्यासमोर एक काज करून दाखवायचं. जमलं तर खुशाल सही करा. नाही जमलं तर मी टेम्पो बोलावणार."

"तू मालकापेक्षा कडक आहेस."

"मालकाला दुसरा भाडेकरू मिळेल. मला दुसरे बाबा कुठून मिळणार?"

उन्हाचं कोडं शेजारच्या चष्मेवाल्यानं सोडवलं. याचं दुकान भिंतीला भिंत लागून. दोघांची मैत्री अशी की एक दिवस टोमणा मारला नाही तर दुसऱ्याला वाटायचं आज याला बरं नाही. मास्तरांनी त्याला सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, "आता तूच सांग, मी उन्हात बसतो की नाही?"

चष्मेवाल्यानं काचेवर बोटानं टकटक केलं. "हे काय आहे?"

"काच."

"आणि मी दिवसभर काय विकतो?"

"महागडे चष्मे."

"काच विकतो, मास्तर. उन्हात अनेक किरणं असतात. उजेड काचेतून येतो, ऊबही येते, पण कातडीत डी तयार करणारी जी किरणं, ती ही काच अडवते. बत्तीस वर्षं तू उन्हाकडे बघत सावलीत बसलायस."

मास्तरांनी काचेकडे पाहिलं. दर सोमवारी ते ती कागदानं पुसून लख्ख करायचे. "मग माझं कापड का विटतं?"

"कापडाला विटवणारी किरणं वेगळी. ती येतात. म्हणजे बघ, नुकसान तेवढं आत येतं आणि फायदा बाहेर राहतो. तुझ्या नशिबासारखंच."

त्याच दिवशी मास्तरांनी आपलं स्टूल उचलून दाराबाहेर फूटपाथवर ठेवलं. टाचणीला फोनवर ही बातमी कळली आणि तिनं वेळ ठरवून टाकली. तिची बस रोज दुपारी बारा-दहाला दुकानावरून जायची, समोर थांबाही होता. "बारा ते सव्वाबारा बाहेर बसायचं. बाह्या कोपरापर्यंत वर. मी जाताना तुम्ही दिसला पाहिजेत. नाही दिसलात तर हॉर्न."

बाह्या वर करणं मास्तरांना पसंत नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी पूर्ण बाह्या, कफाला बटण आणि वरून जाकीट असाच वेश केला होता. शिंप्यानंच असं उघडं बसायचं म्हणजे आचाऱ्यानं उपाशी बसण्यासारखं, असं ते म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी बाही मनगटापासून चार बोटंच वर घेतली. बारा-दहाला बस आली, थांबली, आणि हॉर्न असा वाजला की चष्मेवाला दुकानातून पळत बाहेर आला. मास्तरांनी निमूटपणे बाही कोपरापर्यंत नेली आणि उजवा हात वर केला. बस निघाली.

आठवडाभरात बसमधल्या नेहमीच्या माणसांना हे पाठ झालं. भाजी घेऊन जाणाऱ्या बाया खिडकीतून हात करायच्या. बँकेतला एक कारकून रोज ओरडायचा, "मास्तर, शिजलं का?" मास्तर उजवा हात हलवून म्हणायचे, "एक बाजू झाली!" एकदा बसला उशीर झाला तर मास्तरच रस्त्यावर येऊन वाकून बघायला लागले. चष्मेवाला म्हणाला, "अरे, ती बस आहे, नवरीची गाडी नाही."

खाण्याचीही घडी बसली. मासेवाली बाई पूर्वी मास्तरांच्या बायकोला मासे द्यायची. चौदा महिन्यांनी मास्तर स्वतः आले हे बघून तिनं बांगडा साफ करून, चिरा पाडून दिला आणि म्हणाली, "मीठ लावा, तव्यावर टाका, आणि त्याला सारखं उलटू नका. तो कोट नाही." मशरूम मास्तर खिडकीत नाही, बाहेर स्टुलाशेजारी ताटलीत ठेवायचे, कारण आता काचेचं कळलं होतं. येणारे-जाणारे विचारायचे, विकायला ठेवलीत का? एका म्हातारीनं तर भाव विचारला. मास्तर म्हणाले, "नाही हो, आम्ही दोघंही औषधाला बसलोय."

अडलं ते अंड्यापाशी.

मास्तरांच्या घरी रोज सकाळी दोन अंडी उकडली जायची. लग्न झालं त्या आठवड्यात मास्तर म्हणाले होते की पिवळं माझ्या घशात चिकटतं. तेव्हापासून पांढरं मास्तरांचं आणि पिवळं तिचं. ती गेल्यावरही मास्तर दोनच अंडी उकडत राहिले. पांढरं खायचे, आणि पिवळं वाटीत घालून मागच्या दाराशी ठेवायचे. तिथं एक मांजर यायचं. ते इतकं तुकतुकीत झालं होतं की डॉक्टरबाईंनी त्याचं रक्त तपासलं असतं तर साठ निघालं असतं.

टाचणीनं रविवारी ती वाटी पाहिली.

"हे काय?"

"मांजराचं."

"मांजराला संधिवात झालाय?"

"घशात चिकटतं गं."

"मग वरून पाणी प्या." ती खुर्ची ओढून समोर बसली. "आईचं आहे म्हणून खात नाही ना?"

मास्तरांनी पांढऱ्याचा तुकडा ताटात इकडून तिकडे सरकवला. "तिला आवडायचं," ते म्हणाले.

टाचणीनं वाटी उचलून मास्तरांच्या ताटाशेजारी ठेवली. मास्तरांनी वर पाहिलं.

"आईला पिवळं अजिबात आवडायचं नाही, बाबा."

"काहीतरीच काय!"

"तुम्ही बाजूला काढायचात, म्हणून ती खायची. टाकवत नव्हतं तिला. मला म्हणायची, तुझ्या बापानं पांढरं धरलं, आता मी काय करू? तुम्ही नसताना ती माझ्याबरोबर पांढरंच खायची."

"इतकी वर्षं?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"तिनं कधी सांगितलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी टाचणीला हसू फुटलं, मग मास्तरांना. हसता हसता मास्तरांनी वाटीतलं एक पिवळं उचलून तोंडात टाकलं. ते खरंच घशात चिकटलं. ते वरून पाणी प्यायले. डोळ्यांतही पाणी आलं. मागच्या दाराशी मांजर ओरडत होतं.

अडीच महिने गेले. सकाळचा ताठरपणा दोन तासांवरून अर्ध्या तासावर आला. सूज उतरली. मास्तरांनी मुख्याध्यापिकाबाईंचा कोट हाती घेतला. या बाई शाळेच्या, आणि मास्तरांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्या कोटाची दोन काजं तर मास्तरांनी एका बैठकीत केली. डीचा आकडा बत्तीस आला. चष्मेवाल्याला त्यांनी तो रिपोर्ट तीनदा दाखवला.

आणि इथंच मास्तरांनी चूक केली. अशी चूक शिंपीच करू शकतो.

कोट शिवताना आधी लांब लांब टाके घालून कापड जागच्या जागी धरून ठेवतात. त्याला कच्ची टीप म्हणतात. मग मशीनवर पक्की शिलाई मारायची आणि कच्ची टीप ओढून काढून टाकायची. ती काढली नाही तर कोट अर्धवट दिसतो. बत्तीस वर्षं मास्तरांच्या हातांनी हेच केलं होतं. सोमवारची गोळी घेतली की मंगळवारी दिवसभर त्यांना मळमळायचं. मास्तरांनी विचार केला: गोळी ही कच्ची टीप. बोटं जागेवर धरायला ती लागली. आता मासे, दूध, पिवळं आणि बारा-दहाचं ऊन अशी पक्की शिलाई पडलीय. मग कच्ची टीप कशाला ठेवायची? एका सोमवारी त्यांनी गोळी घेतली नाही. मंगळवार छान गेला. पुढच्या सोमवारीही घेतली नाही. रक्त तपासायला गेलो तर विचारतील, म्हणून तिकडेही गेले नाहीत. टाचणीला सांगायचा प्रश्नच नव्हता.

पाचव्या सोमवारी त्यांना जाग आली तेव्हा उजवा हात उशीवर मुठीसारखा पडला होता. तो उघडेना. मनगट लाल, आणि गरम इतकं की दुसऱ्या हाताला चटका जाणवावा. दुपार झाली तरी बोटं तशीच. मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाला तिसरं काज घ्यायचं होतं. सुई टेबलावर होती, ती त्यांना उचलता आली नाही. करार संपायला तीन आठवडे उरले होते.

बारा-दहाला ते बाहेर बसले. बस आली. मास्तरांनी डावा हात वर केला.

बस निघून गेली. दुसऱ्या दिवशीही डावा. तिसऱ्या दिवशी बस थांब्यावर आली, पुढचं दार उघडलं, आणि ड्रायव्हरच्या सीटवरून आवाज आला.

"उजवा दाखवा."

"अगं, पुढं जा, लोकांना उशीर होतोय."

"उजवा हात दाखवा, बाबा."

खिडक्यांतून माना बाहेर आल्या. बँकेतल्या कारकुनानं आज काही विचारलं नाही. मास्तर उठले, दारापाशी गेले आणि जाकिटाच्या आड धरलेला हात पुढे केला. टाचणीनं तो पाहिला. चाळीस माणसांनी पाहिला.

"गोळी?"

मास्तरांनी हात पुन्हा जाकिटाआड नेला.

"किती सोमवार?"

"पाच."

मागून एक भाजीवाली म्हणाली, "अहो मास्तर, पोरगी रोज हॉर्न मारते आणि तुम्ही असं करता?"

"आम्ही सगळे रोज बघतो ना तुम्हाला," कारकून म्हणाला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता.

टाचणी ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती हळू म्हणाली, "आईनं सांगितलं नाही ते एका अंड्याचं होतं. हे हाताचं आहे." मग तिनं दार लावलं आणि बस नेली, कारण थांबायला तिला परवानगी नव्हती.

संध्याकाळी दोघं डॉक्टरबाईंकडे गेली. मास्तरांनी कच्च्या टिपेचं सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त उलटा आहे," त्या म्हणाल्या. "गोळी ही पक्की शिलाई. मासे, दूध, ऊन, डी, ही इस्त्री. इस्त्रीनं कोट अंगावर नीट बसतो. ती सोडायची नाही. पण इस्त्रीनं बाही जोडलेली तुम्ही कधी पाहिलीत?"

"नाही."

"मळमळत होतं तर मला सांगायचं. त्यावर उपाय आहे. डोस बदलता येतो, घ्यायची पद्धत बदलता येते. न सांगितल्यावर मी काय करू?"

रक्त तपासून झाल्यावर त्यांनी सोमवारची गोळी पुन्हा सुरू केली, मळमळीसाठी उपाय दिला, आणि सूज उतरायला थोड्या दिवसांसाठी आणखी एक औषध. "तीन आठवड्यांत पहिल्यासारखं होईल का?" मास्तरांनी विचारलं.

"कदाचित नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बरंच सुधारेल. पण शब्द देत नाही."

परतीच्या वाटेवर टाचणी म्हणाली, "अट तीच. नऊला, एक काज."

सहीचा दिवस आला. मालक दुपारी बाराला येणार होता. टाचणीनं रजा काढली होती आणि ती नऊला पाच कमी असताना दुकानात हजर झाली. टेबलावर मुख्याध्यापिकाबाईंचा कोट होता, काजाची जागा खडूनं आखलेली, सुई ओवलेली. चष्मेवाला काही काम नसताना दारात उभा होता.

मास्तर स्टुलावर बसले. बोटं अर्धी वळत होती. त्यांनी सुईकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

"आत्ता नाही जमणार," ते म्हणाले.

चष्मेवाल्यानं दारातून मान वळवली.

"पाचला उठून गरम पाण्यात हात घालून बसलो असतो तर नऊला तुझ्यासमोर कसंबसं जमवलं असतं," मास्तर म्हणाले. "काल तसं ठरवलंही होतं. पातेलं काढून ठेवलं होतं. पण मग रोज पातेलं लपवावं लागलं असतं. खरं सांगतो. नऊला माझा हात चालत नाही. अकराला चालतो. गेले आठ दिवस रोज पाहतोय. अकरा ते पाच, मध्ये उन्हात बसायची पंधरा मिनिटं सोडून, चालतो. आता टेम्पो बोलवायचा तर बोलव."

टाचणीनं घड्याळाकडे पाहिलं. मग ती आईच्या स्टुलावर जाऊन बसली. चौदा आणि चार, अठरा महिन्यांत त्या स्टुलावर कोणी बसलं नव्हतं.

"अकरापर्यंत मी काय करू?" तिनं विचारलं.

"त्या डब्यातली बटणं वेगळी कर. चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची एकीकडे."

"पगार?"

"बांगडा."

दोन तास ती बटणं निवडत बसली, चष्मेवाल्यानं दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा स्वतःच प्यायला. अकराला मास्तरांनी सुई उचलली. पहिले पाच टाके हळू गेले. मग हाताला वाट सापडली. टाका, गाठ, ओढ. टाका, गाठ, ओढ. टाचणी बटणं सोडून बघत राहिली. लहानपणी तिनं हे हजार वेळा पाहिलं होतं, पण ते हात दुसरे होते. वीस मिनिटांनी मास्तरांनी दोरा तोडला आणि कोट तिच्याकडे दिला.

तिनं काज उजेडात धरलं. "वाकडं आहे."

"आहे."

"आई असती तर उसवायला लावलं असतं."

"लावलं असतं. उसवून पुन्हा करतो. आता बोटं मोकळी आहेत."

"तीन वर्षांची सही नाही," टाचणी कोट परत देत म्हणाली. "एक वर्षाची. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. आणि औषध चुकलं तर मला सांगायचं, त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," मास्तर म्हणाले.

मालक बाराला आला. एका वर्षाचं ऐकून त्यानं तोंड वाकडं केलं, शहरातल्या वाढत्या भाड्यांबद्दल बरंच बोलला, आणि शेवटी टाचणी त्याच्याकडे एकटक बघतेय हे लक्षात आल्यावर कागद पुढे सरकवला. मास्तरांनी सावकाश सही केली. मालक जातोय तोच फोन वाजला. मुख्याध्यापिकाबाई होत्या.

"मास्तर, उद्या नऊला येते, कोट घालून बघायला. नेहमीसारखं."

नऊची वेळ मास्तरांनी बत्तीस वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकाला नाकारली नव्हती. त्यांनी टाचणीकडे पाहिलं. ती खाली बघून बटणं डब्यात भरत होती, पण कान इकडेच होते.

"नऊला नको, बाई," मास्तर म्हणाले. "मला संधिवात आहे. सकाळी माझा हात चालत नाही. अकरानंतर या."



"अहो, मग आधीच सांगायचं ना," बाई म्हणाल्या. "मला तरी कुठं नऊला सवड असते? तुमच्यासाठी शाळेतून धावत यायचे. साडेअकराला येते."